तिकटीवरनं जाणारी वाट

मी रंकाळ्याला फेरी मारायचो ती निव्वळ हौसेनं. शर्यत नाही, भरती नाही, काही नाही. सत्तरच्या आसपासचा काळ. कोल्हापुरात व्यायाम म्हणजे तालीम. तांबडी माती सोडून हा गडी पहाटे नुसताच पळतोय, हे लोकांना झेपायचं नाही. म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर निघालेला गवळी रोज विचारायचा, "पावणं, कोण लागलंय मागं?" मी म्हणायचो, "तुझी म्हैस."

बरं, पळणं तरी धड होतं का? एखाद्या दिवशी अख्ख्या तलावाला वळसा घालूनही धाप लागायची नाही, वाटायचं असंच पन्हाळ्यापर्यंत जावं. आणि दुसऱ्याच दिवशी, तेच पाय, तेच बूट, अर्ध्या वाटेत छाती भरून यायची आणि पोटऱ्यांचे दगड व्हायचे. असं दोन-चार दिवस चालायचं, मग आपोआप जायचं. वस्तादांनी खुराक वाढवायला सांगितला. कट्ट्यावर उभा राहून धारोष्ण दूध प्यालो, बदाम खाल्ले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "तुला काय धाड भरलीय?" मला चीड यायची. शरीर आपलं आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही, म्हणजे काय.

त्याच वर्षी थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. ताप जायचा, परत यायचा. घर त्याच्या पगारावर, पदरात दोन लहान पोरी. मला मागं ना पुढं कोणी. औषधं चालू होतीच, जोडीला आई दर अमावस्या-पौर्णिमेला उतारे टाकायची. आजाऱ्यावरून दहीभात ओवाळायचा आणि तिन्हीसांजेला, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर नेऊन ठेवायचा. नेताना बोलायचं नाही, येताना मागं बघायचं नाही. जो ओलांडेल त्याच्या मागं ते दुखणं जातं म्हणतात. मी हसायचो.

एका पहाटे रंकाळ्याला जाताना तिकटीवर माझा पाय कशाततरी पडला. वाकून बघितलं. पत्रावळीवर भात, लिंबू, आणि निळ्या चौकड्यांची चिंधी. थोरल्याच्या शर्टाची. आदल्या दिवशी अमावस्या होती. त्या दिवशी रंकाळ्याच्या पहिल्या वळणावरच मी मटकन खाली बसलो आणि आठवायला लागलो. मागच्या खेपेला पाय गळाले, तेव्हा पौर्णिमा होऊन गेलेली. त्याच्या आधी अमावस्या. आईनं उतारा टाकला की माझा दम जायचा. आणि नेमका तेव्हाच थोरला उशीला टेकून पोरींशी बोलत बसायचा.

भ्यालो, खरं सांगतो. घरात कुणाला बोललो नाही, गपचूप वाट बदलली. मागच्या बोळातनं जायला लागलो. आणि काय पळालो म्हणता! वारं प्यालेल्या खोंडासारखा. थोरला मात्र खचत गेला. त्याला कूस बदलवेना. मी घामाघूम होऊन घरात शिरायचो, आतनं त्याचं बारीक कण्हणं ऐकू यायचं, आणि मला माझ्या दमाचीच किळस यायची. योगायोग असतो, असं मनाला बजावायचो. पटायचं नाही.

पुढच्या अमावस्येला मी तिन्हीसांजेला दारात बसलो होतो. आई पत्रावळ घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. हातात असताना बोलायचं नसतं, म्हणून तिनं ती खाली ठेवली.

"हल्ली तिकटीवरनं जात न्हाईस व्हय रं?"

तिला ठाऊक होतं. पहिल्यापासून.

"न्हाई," म्हटलं.

तिनं डोळ्याला पदर लावला, पत्रावळ उचलली आणि गेली. मला तिचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता. आत पोरी बापाचे पाय दाबत बसल्या होत्या.

पहाटे बूट घातले आणि तिकटीवरनं गेलो. पत्रावळ होती. ओलांडली.

परत आलो तेव्हा थोरला भिंतीला टेकून चहा पीत होता. मी चौकट धरून उभा, धाप काही केल्या थांबेना. आई पुढं आली.

"गेलतास?"

मी मान हलवली. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ चांगलंच तापलं होतं. तिनं वळून आत थोरल्याकडं बघितलं, आणि हात तसाच माझ्या कपाळावर ठेवून सुटकेचा निःश्वास सोडला.