तलाव उपसला त्या दिवशी

माझी मामी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर रिकामी फ्रेम ठेवून ती "समोर बघा, हलू नका" असं इतक्या हळू आवाजात म्हणायची, की हट्टाला पेटलेली पोरंसुद्धा गप्प बसायची. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरामागच्या अंगणात त्याने भावाला हाताशी धरून, स्वतः खणून, पोहण्याचा तलाव बांधला होता. तो त्याला तलाव म्हणायचा, गल्लीतले लोक टाकी म्हणायचे. मामीला पोहता येत नव्हतं. ती म्हणायची, "तुमचं खूळ."

बाकी दोघांचं बरं चाललं होतं. मग दुकानाच्या मालकिणीने दुसऱ्या गावात नवी शाखा काढली आणि ती सांभाळायला मामीला बोलावलं. मामा म्हणाला, मी घर सोडून कुठेही येणार नाही. मामी म्हणाली, मग मी एकटी जाते. आम्ही सगळे बघतच राहिलो. मामी कधी उलटून बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिची बॅग भरून झाली, आणि त्याच आठवड्यात मामाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. मामीने बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

त्याला पाच वर्षं झाली होती. मामाची वाचा पुष्कळ सुधारली, पण तो अंथरुणातून उठला नाही. मामी सकाळी त्याचं अंग पुसायची, शौचाचं भांडं द्यायची, पायांना तेल चोळायची, भरवायची आणि दुकानात जायची. दुपारी धावत येऊन पुन्हा तेच. डॉक्टर म्हणायचे, "पाय अजून भरलेले आहेत, ही तुमच्या मालिशची कमाल." मामी खूश व्हायची. तिच्या स्वतःच्या कमरेची पार वाट लागली होती, पण ते ती कुणाला सांगायची नाही.

तलावाकडे अर्थातच कुणी फिरकलं नाही. पाणी आधी गढूळ झालं, मग पोपटी, मग इतकं गच्च हिरवं की वरून चालत जाता येईल असं वाटावं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून दोनतीनदा सांगून पाहिलं. शेवटी त्या थेट दारात आल्या.

"अहो, तुमच्या टाकीतले डास आमच्या घरात भाडेकरूसारखे राहतायत. काहीतरी करा आता."

मामी ओशाळली. तिने मला फोन केला. "रविवारी येतेस का ग? दोघी मिळून उपसून टाकू."

मी गेले तेव्हा तिने भाड्याचा पंप आणून ठेवला होता. साडी खोचलेली, पायात मामाचे जुने गमबूट. मामाच्या खोलीची खिडकी तलावाकडेच उघडायची. तो उशीला टेकून बघत होता.

"राहू दे ना ते," तो म्हणाला. "माणूस लावू कुणीतरी."

"तुम्ही पडून राहा निवांत," मामी म्हणाली. "तुमच्याच तलावाला नवं रूप देतेय."

आधी आम्ही लांब दांड्याच्या जाळीने वरची पानं काढली. ओल्या पानांचे ढीग कुंपणाशी लागले. त्याखाली शेवाळाची साय होती. जाळी फिरवली की ती फाटायची आणि परत मिटायची. मग पंप लावला. पाइप घराच्या बाजूने गल्लीतल्या गटारापर्यंत नेला. पाणी उतरायला लागलं तसा वास सुटला. मी नाकाला पदर लावला. मामी म्हणाली, "एवढ्यात हरलीस? मी याहून वाईट वास रोज सोसते." आणि लगेच खिडकीकडे बघून, मामाने ऐकलं तर नाही ना म्हणून, जीभ चावली.

दुपारपर्यंत उथळ बाजूचा तळ दिसायला लागला. बेडूक सैरावैरा पळत होते. खोल बाजूला अजून छातीएवढं पाणी आणि खाली गाळ होता. मामी ब्रश घेऊन उथळ भागात उतरली आणि फरशी घासायला लागली. पंप मध्येच घरघरला, पाइपात पानं अडकली होती. "तू गटाराकडचं टोक बघ," ती म्हणाली. म्हणून मी पुढच्या बाजूला गेले.

पाइप हलवत होते तोवर किंकाळी ऐकू आली. मग पाण्याचा मोठा आवाज. मग काहीच नाही.

मी धावले. घराच्या कोपऱ्याला वळले आणि जागच्या जागी थिजले.

मामी उतारावरून घसरून खोल बाजूला गेली होती. गमबुटांत पाणी भरलं होतं, डोकं वर येत होतं आणि बुडत होतं. आणि काठावर मामा उभा होता. स्वतःच्या पायांवर, ढगळ सदऱ्यात, हातात जाळीचा दांडा घेऊन. "धर! धर ग, धर!" तो ओरडत होता. तिच्या हाताला दांडा लागेना, तसा तो फेकून देऊन शिडीने सरळ खाली उतरला, गाळातून तिच्यापर्यंत गेला, काखेत हात घालून तिला उचललं आणि पायऱ्यांपाशी आणून बसवलं. मी काठावर उभी. मामाला पाहत होते आणि डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

मामी खोकत होती. केसांतून हिरवं पाणी ओघळत होतं. श्वास जरा जागेवर आला तेव्हा तिने आधी त्याचा चेहरा चाचपला, मग खांदे, मग गुडघे.

"देव पावला," ती म्हणाली. "अहो, तुम्ही उठलात! बघ ग, हे उठले!" ती हसत होती आणि रडत होती. मीही रडायला लागले. माणूस जिवावरच्या प्रसंगी काय करू शकतो, असंच माझ्याही मनात आलं.

मामा मात्र खाली बघत होता.

मामीचं हसू हळूहळू थांबलं. तिची नजर त्याच्यावरून मागच्या दाराकडे गेली. ते दार सताड उघडं होतं.

ते दार मला माहीत होतं. मामा आजारी पडल्यानंतर मामीने ते नवं बसवून घेतलं होतं, आणि सुताराने ते वाकडं बसवलं होतं. गुडघ्याने दाबून, कडी वर उचलून, मग डावीकडे ओढल्याशिवाय ते उघडतच नसे. मी सकाळीच त्याच्याशी झटापट करून शेवटी मामीला हाक मारली होती. अंथरुणावरच्या माणसाने त्या दाराला कधी हातही लावलेला नव्हता. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

"ते दार कसं उघडलं?" मामीने विचारलं.

मामाने ओल्या सदऱ्याचं टोक पिळलं.

"मी विचारतेय. कसं उघडलं?"

"अगं, ऐक..."

"तू चालतोस?"

सबंध आयुष्यात मामीने त्याला 'अहो' सोडून दुसरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. तिलाही ते कळलं नसावं. तिने पुन्हा विचारलं, "तू कधीपासून चालतोस?"

मामा गाळात, तिच्या पायरीच्या खालच्या पायरीवर बसला. "पहिल्या वर्षाच्या शेवटी पाय हलायला लागला," तो म्हणाला. "तू दुकानात गेलीस की भिंत धरून सराव करायचो. तुला एकदम चालून दाखवायचं होतं. खरंच सांगतो, तेवढंच मनात होतं."

"मग?"

"मग तू मालकिणीशी फोनवर बोलत होतीस. म्हणालीस, हे पायावर उभे राहिले की मी येते, जागा ठेवा." तो थांबला. "मी परत आडवा झालो. म्हटलं, उद्या सांगू. मग रोजच उद्या."

"घरातली बिस्किटं संपायची," मामी म्हणाली. आवाज अगदी दुकानातला, हळू. "मला वाटायचं उंदीर झालेत. मी पिंजरे लावले. तुझ्यासमोर पिंजऱ्यात तुकडे ठेवत होते, आणि तू म्हणत होतास, कपाटामागे पण ठेव एक."

मामाने तोंड झाकून घेतलं.

"भांडं द्यायचे तुला," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला."

ओल्या साडीत तिचे दात वाजायला लागले. मी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. तो तिने गुंडाळलाही नाही, तसाच घसरून गाळात पडला. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. मामाला बसलेला पाहून त्यांच्या हातातली कपड्यांची बादली खाली पडली. "अगंबाई, हे तर..." म्हणाल्या आणि मामीचा चेहरा बघून आत निघून गेल्या.

पंप मात्र पुन्हा चालू झाला होता आणि खोल बाजूचं उरलेलं पाणी ओढत होता.

मग मामी उठली. गमबूट काढून तिने पाणी ओतलं, पुन्हा घातले आणि ब्रश शोधायला लागली. मी म्हटलं, "मामी, सोड ग आता हे."

"का? डास काय माझ्या दुःखासाठी थांबणार आहेत?" तिने दुसरा ब्रश मामासमोर टाकला. "तू खोल बाजू घे. पाय आहेत ना."

संध्याकाळपर्यंत दोघं घासत होती. एकमेकांशी शब्द नाही. मामा मधूनमधून धापा टाकायचा, उजवा पाय जरा ओढायचा, तेवढं मात्र खरं होतं. मी गाळाच्या बादल्या वर ओढत होते आणि तरी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. या माणसासाठी मी दुकानांत रांगा लावून औषधं आणली होती, त्याच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवला होता. त्याला पेपर तर स्वतः वाचता येत होताच, शिवाय तो दारातून आणताही आला असता.

मामी त्या दिवशी माझ्याबरोबर माझ्या घरी आली. आठवडाभर ती जेवताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "म्हणजे मी घराबाहेर पडले की तो उठायचा." एवढंच. जणू वाक्य नीट बसतंय का ते पुन्हा पुन्हा तपासून बघत होती. नातेवाइकांचे फोन आले. कुणी म्हणालं, बरा झाला ना, मग झालं तर. कुणी म्हणालं, केवढं हे प्रेम. प्रेमाचं बोलणाऱ्या त्या बाईचा फोन मामीने मध्येच ठेवून दिला.

मग ती मालकिणीला भेटली. ती जुनी जागा केव्हाच भरली होती. पण आणखी लांबच्या एका छोट्या गावात दुकान चालवायला माणूस हवं होतं. मामी गेली. दुकानाच्या वरच एक खोली, खिडकीत एक कुंडी, शेजारी टपाल कचेरी. मी जाऊन पाहिलं. तिची कमर बरी होती, आणि ती जरा जाड झाली होती. मी तसं म्हटल्यावर ती लाजली.

"मामा येतो का?" मी विचारलं.

"आला होता एकदा. बसने आला, एकटा. दुकानाबाहेर उभा राहिला, गिऱ्हाईक जाईपर्यंत. मी चहा दिला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, राहू का आजच्या दिवस?"

"मग तू?"

मामी चष्म्याची काच पुसत होती. ती उजेडाकडे धरून तिने नीट पाहिली.

"मी म्हटलं, लवकर निघा, शेवटची गाडी चुकेल."