खोट काढणारं माणूस

जेवण अर्धं झालं की मी नवऱ्याचं ताट फिरवते. ते उजवीकडचं सगळं संपवतात आणि विचारतात, "आज भाजी नाही केलीस?" भाजी डावीकडे जशीच्या तशी असते. ताट फिरवलं की ती उजवीकडे येते आणि त्यांना दिसते. डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला, तेव्हापासून जगाची डावी बाजू त्यांच्या खिजगणतीतच नाही. डावा हात-पाय लुळा पडला तो वेगळाच; पण तो हात आपला आहे हेही ते विसरतात. दाढी करतात ती उजव्या गालाची. व्यायाम करून घ्यायला येणारी पोरगी सारखी ओरडते, "काका, डावीकडे बघा, डावीकडे!" मान वळते आणि आपली पुन्हा उजवीकडे येते. बोलणं मात्र शाबूत राहिलं. देवाची कृपा म्हणावी तर आम्ही बौद्ध, घरात देव नाहीत. तेव्हा बरं झालं एवढंच म्हणते.

मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुठे चिडचिड दिसली तर समजून घेता येईल. शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे. सकाळी ड्रिल सुरू होतं ते डोक्यातच चालतं. कितीही पुसा, खिडकीच्या कट्ट्यावर धुळीत बोटाने नाव लिहिता येतं. आंघोळ, कपडे, गोळ्या, पाय चेपणं, हे सगळं उरकून पाठ टेकावी तर ते हाक मारतात, "अगं, जरा बघ ना." काय बघायचं ते मला माहीत असतं. बुद्धिबळाचा पट.

यांना बुद्धिबळाचं वेड. खेळण्याचं नव्हे, खेळात ते कधी फार चमकले नाहीत. ट्रॉम्बेची नोकरी करून उरलेला सगळा वेळ त्यांनी रचना करण्यात घातला. रचना म्हणजे डाव संपत आलाय, पटावर मोजकी मोहरी उरली आहेत, अशी एक स्थिती आपल्या मनाने मांडायची आणि खाली लिहायचं, 'पांढऱ्याने खेळून जिंकायचं.' बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की शक्यच नाही. आणि तरी वाट असली पाहिजे. एकच. दुसरी वाट निघाली, किंवा काळ्याला निसटायला फट सापडली, तर रचना बाद. महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात.

गंमत अशी की ही खोट रचणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. आपला तो बाब्या! त्यामुळे प्रत्येक रचनाकाराला एक खोट काढणारं माणूस लागतं. आमच्या घरात ते मी. टेलिफोन खात्यात उभी नोकरी मी तक्रारींच्या टेबलावर काढली. दिवसभर लोकांच्या लाइनीतला फॉल्ट शोधायचा आणि संध्याकाळी घाटकोपरला येऊन नवऱ्याच्या डोक्यातला. लग्न झालं तेव्हा हत्ती सरळ चालतो एवढंच मला ठाऊक होतं. बाकी सगळं त्यांनी शिकवलं आणि पस्तावले.

त्यांचे नियम होते. पटासमोर अहो-जाहो नाही. "अहो म्हणत खोट काढता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून स्वयंपाकघरात अहो आणि पटासमोर अरे. "अरे गाढवा, काळा घोडा विसरलास," असं मी एकदा ओरडले, ते सासूबाईंनी ऐकलं. त्या बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसरा नियम, खोट सापडली की चहा त्यांनी करायचा. साखर जास्त घालायचे, पण मी आयता चहा पुष्कळ प्यायले आहे.

या रचनांमध्ये एवढं काय असतं, असं मला ऑफिसातल्या बायका विचारायच्या. मी सांगायचे, आमच्या घरासारखा पसारा नसतो, तेच विशेष. घरात दर कपाटात नको असलेल्या वस्तू. रचनेत एक प्यादंही उगाच उभं नसतं. प्रत्येकाला काम. जे नुसतं बघ्यासारखं उभं आहे ते काढून टाकायचं, आणि काढल्यावरही वाट टिकली तर मग मजा. शिवाय स्थिती साधी दिसली पाहिजे, खऱ्या डावात येईल तशी. मुद्दाम सजवलेली नको. आणि मग मध्येच पांढरा आपला हत्ती फुकट देऊन टाकतो, आपण म्हणतो हा वेडा झाला, आणि पुढे कळतं की तेवढं एकच शहाणपण होतं. मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. रचनेत काळा मूर्ख नसतो. त्याने जिवाच्या आकांताने, उत्तमात उत्तम खेळायचं, आणि तरी हरायचं. समोरच्याला दुबळं करून जिंकलं तर त्याला कोणी रचना म्हणत नाही.

पुढे कॉम्प्युटर आला. पटावर सात मोहरी किंवा त्याहून कमी असतील तर त्याला सगळं माहीत असतं. विचार करावा लागत नाही, नुसतं सांगतो. माझी नोकरी गेली असं मी म्हटलं. हे म्हणाले, "मशीन चूक आहे म्हणून सांगतं. कुरूप आहे म्हणून सांगत नाही. तू दोन्ही सांगतेस." त्यामुळे मी टिकले. आधी मी, मग मशीन, असा क्रम ठरला. तो झटका येईपर्यंत चालला.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर कितीतरी दिवस ते नुसते पडून होते. मग एकदा म्हणाले, "पट दे." मला वाटलं, चला, जीव रमेल. खिडकीजवळच्या टेबलावर पट मांडून दिला. स्क्रीन त्यांना जमत नव्हता, अर्धाच दिसायचा. लाकडी पट बरा पडला. उजव्या हाताने एकेक मोहरं ठेवत त्यांनी एक रचना उभी केली. पांढऱ्याने खेळून जिंकायचं.

घरी माणसं येत होती. बोरिवलीची मुलगी दर रविवारी यायची. तिला बापानेच खेळ शिकवला होता. तिने पटाकडे बघितलं, म्हणाली, "वा बाबा, भारीच!" आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, त्यांना काही बोलू नकोस हं. छान म्हण. डॉक्टरांनी खूश ठेवायला सांगितलंय." यांचा जुना मित्र गोराईहून आला, फेरीबोटीने, पिशवीत बोंबील घेऊन. तो तर यांच्यापेक्षा कितीतरी चांगला खेळणारा. त्याने वाकून पट पाहिला, जरा जास्तच वेळ पाहिला, आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला. "झकास रे. एकदम झकास. अजून तोच वाघ आहेस तू." व्यायामवाली पोरगी, जिला घोडा कसा चालतो तेही माहीत नाही, तीसुद्धा म्हणाली, "काका, सुपर!"

आणि मी? मी हातात नॅपकिन घेऊन जाता-जाता म्हणायचे, "छान आहे हो." बघत नव्हते. कुठून बघणार? तिकडे गॅसवर दूध, इकडे चादर बदलायची. फोनमध्ये ती स्थिती टाकून बघायला मिनिटभर लागलं असतं. मुलीने टाकली नाही, मित्राने टाकली नाही, मीही नाही. यांची रचना तपासायची असते हेच आम्ही सगळे विसरलो होतो.

दर कौतुकानंतर हे गप्प होत गेले. मला वाटलं आजारच तो, असंच असतं. जेवण कमी झालं. व्यायामाला नको म्हणायला लागले. पट मात्र काढू देत नव्हते. दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचे, रुसलेल्या माणसाकडे बघावं तसे. एकदा मला म्हणाले, "मी आता कशाच्याच कामाचा नाही ना?" मी म्हटलं, "काहीतरीच काय!" आणि गोळी पुढे केली. असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला अंगात त्राण लागतं.

त्या दुपारी शेजारचे कामगार जेवायला गेले होते, ड्रिल बंद होतं. मी टेबलावरची धूळ पुसायला गेले. ते म्हणाले, "जरा बघ ना." माझा पारा चढला. सकाळपासून मी बसले नव्हते. "बघितलंय ना! किती वेळा बघायचं?" असं म्हणत खुर्ची ओढून बसले, ती खरं म्हणजे पाय दुखत होते म्हणून.

बसले तेव्हा डोळ्यांसमोर पट होता. डोक्याला जुनी खोड. पांढरा हत्ती फुकट देतो, बरं. काळ्याला तो घ्यावाच लागतो, बरं. मग पांढरं प्यादं धावत सुटतं, शेवटच्या घरात पोचून वजीर होतं. काळ्याकडे उरतो राजा, आणि वजीर व्हायला एकच पाऊल बाकी असलेलं प्यादं. पांढरा राजा दूर, पण वजीर शह देत देत जवळ येणार, काळ्या राजाला त्याच्याच प्याद्यापुढे उभं राहायला लावणार, तेवढ्यात पांढरा राजा चालत येणार. शाळकरी पोरांना शिकवतात ते. फक्त त्याला अपवाद आहेत, तेही शाळकरी पोरांना शिकवतात. त्यातला एक म्हणजे, ते प्यादं अगदी काठाच्या पट्टीत असेल तर हे जमत नाही. काळा राजा कोपऱ्यात शिरतो, त्याला हलायला घर उरत नाही, शह तर बसलेला नाही, आणि नियमाने डाव बरोबरीत सुटतो.

प्यादं काठावर होतं. उजव्या काठावर.

"अरे, हे काय केलंयस!" मी ओरडलेच. "काठावर आहे ना तुझं प्यादं! वजीर येऊन डोंबल करणार? राजा कोपऱ्यात जाऊन बसेल. बरोबरी आहे ही. वाट लागली सगळ्याची!"

बोलून गेले आणि मग आठवलं. मुलीने बजावलं होतं. यांचा चेहरा वाकडातिकडा झाला, आणि ते रडायला लागले. झटक्यानंतर त्यांना रडू लवकर येतं, टीव्हीवरच्या जाहिरातीलाही येतं. पण हे ते नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं.

"म्हणजे चूक आहे?"

"आहे."

"नक्की?"

"अरे, आहे म्हणतेय ना!"

"मला रोज वाटायचं," ते म्हणाले. "रोज. काहीतरी बिघडलंय, दिसत नाहीये. सगळे म्हणाले बरोबर आहे. तो गोराईवालाही म्हणाला, तूही म्हणालीस. मग मी म्हटलं, रचना बरोबर असेल. बिघडलोय तो मीच. हात गेला, पाय गेला, आता हेही गेलं."

आम्ही सगळ्यांनी मिळून एका शाबूत डोक्याच्या माणसाला पटवून दिलं होतं की त्याचं डोकं गेलंय. तेही गोड बोलून. मला त्या सगळ्या भल्या माणसांचा संताप आला, त्यात मीही आले. गोराईच्या मित्राला मी दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, दिसलं होतं मला. पण आजारी माणसाला कसं सांगायचं ना?" मी फोन ठेवून दिला. त्याच्याशी भांडायचं आहे अजून, वेळ मिळाला की.

पण त्या दुपारी मी पटाकडे पुन्हा बघितलं, आणि मग मला ते कळलं. अगदी डावीकडच्या पट्ट्या रिकाम्या होत्या. सगळी रचना उजवीकडे रेलली होती, ते स्वतः खुर्चीत रेलतात तशी. विचार चुकलेला नव्हताच. मांडताना हात घसरला होता. प्रत्येक मोहरं एक घर डावीकडे असतं तर ते प्यादं काठावरून आत आलं असतं, आणि पांढरा जिंकला असता. मी डोक्यात दोनदा चालवून पाहिलं. फट सापडली नाही. हत्ती देण्याची चाल तर फारच देखणी होती. असली रचना त्यांनी झटक्याच्या आधीही क्वचितच केली असेल.

"सगळं एक घर डावीकडे ने," मी म्हटलं. "मग बघू."

त्यांनी डोळे पुसले. डावीकडे सरकवायचं तर सुरुवात सगळ्यात डावीकडच्या मोहऱ्यापासून करावी लागते, नाहीतर शेजारचं आडवं येतं. ते मोहरं म्हणजे पांढरा राजा. ठेवला त्यांनीच होता, पण आता त्यांच्या लेखी तो पटावर नव्हताच. हात पटावर मध्येच थांबला. मान वळली, थोडी गेली, परत आली. पुन्हा वळली. कपाळावर घाम आला. बाहेर ड्रिल सुरू झालं. मला ताट घासायचं होतं, चादर तशीच पडली होती, आणि एक बोट पुढे केलं असतं तर काम झालं असतं.

मी हात मांडीखाली दाबून बसले.

मान पुन्हा वळली, या वेळी पूर्ण, हनुवटी डाव्या खांद्याला लागेपर्यंत. बोटांनी चाचपत राजा धरला.

"इथे आहे होय हा," ते म्हणाले, आणि त्यांनी तो एक घर सरकवला.

"पुढचं," मी म्हटलं.