मानाचे बैल तळ्यात उतरले

परवा खांदेमळणीला आमच्या आबांनी बैल गावतळ्यात उतरवले. वाचून वाटेल, त्यात काय एवढं... पण मी अजून हवेतच आहे.

आबा म्हणजे माझे सासरे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुतात, त्यात पहिला मान आमच्या घराचा. आमचे बैल पाण्यात गेले की मग बाकी गावाचे.

मी पाटोद्याजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेत फॅट लावते, म्हणजे आलेल्या दुधातली चरबी मोजते. यंदा पाऊस नाही, तळं आटून हिरवंगार झालेलं, वास तर विचारूच नका. टँकर माणसांपुरता. तळं गेलं तर जनावरं बाजारात, आणि जनावरं गेली की संस्थेला कुलूप.

मग शहरातून तज्ज्ञ आले. तुरटीचं औषध मारू, शेवाळ खाली बसेल म्हणाले. पण पावडर नाकात जाऊ नये म्हणून आले ते मास्क अन् हातमोजे घालून... झालं. "सायब हात लावंना, अन् आमच्या म्हशीला पाजता व्हय?" म्हणत ग्रामसभा उठली.

आबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "इख हाय ते."

माझं डोकंच फिरलं. माझ्या फॅटवर रोज संशय घेणारी माणसं ही, माझं तोंडी थोडंच ऐकणार? मग सांगितलं, सकाळच्या दुधाबरोबर ज्याने त्याने तळ्याच्या पाण्याची बाटली आणायची. तज्ज्ञांच्या मापाने मी सगळ्यांदेखत औषध घालायचे. संध्याकाळी दूध घालायला येईपर्यंत गाळ तळाला, वर पाणी नितळ...

हळूहळू बाटल्या वाढल्या आणि सभेने होकार दिला. आबांनी मात्र बाटली आणली नाही.

तळ्यात औषध मारलं. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत जनावरं लांब ठेवली, मग तो देवळाच्या भोंग्यावरून वाचला. पाणी चांगलं होतं, तरी आधी कोण जाणार? सगळे मानाच्या बैलांची वाट बघत होते, आणि आबा तर माझ्याशी धड बोलतही नव्हते. एका जनावराला जरी काही झालं असतं, तरी गावात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

परवा आबांनी कासरा धरला आणि सरळ तळ्याकडे निघाले. धाकल्या बैलाने पाणी हुंगलं, मान वर केली... मग त्याने तोंड घातलं आणि पीतच राहिला.

काठावरून कुणीतरी टोमणा मारला, "आबा, इख हाय म्हनत होता ना?"

आबा बैलाची पाठ चोळत होते. मान न वळवता म्हणाले, "औषध हाय. आमच्या सूनबाईनं घातलंय. आन तुजी बैलं."

नंतर सासूबाईंनी सांगितलं, आबा रोज पहाटे तळ्यावर जाऊन पाण्याचा वास घेऊन यायचे.

आबा फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहितेय... तुमचा लई अभिमान वाटतो, आबा. तोंडावर सांगायची हिंमत अजून नाही.