पुष्पावतीच्या नळीतला गॅस

भिमाजीची पुष्पावती सायन्सला नापास झाली, असं आमच्या गावात अजून सांगतात, आणि वर पोरींना कुठं जमतंय ते, अशी पुस्तीही जोडतात. ऐकून माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं गप्प बसले. आता तिची आई झुंबरबाई राहिली नाही, म्हणून बोलते.

पाथर्डीकडच्या आमच्या गावी तेव्हा नुकतंच कॉलेज निघालं होतं. प्री-डिग्री सायन्सला मुली दोघीच, ती आणि मी. माझे वडील पोस्टात होते, मी नापास झाले असते तरी कुणाचं काही अडलं नसतं. तिच्या घरचे दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. भिमाजीनं तिला बजावलं होतं, पास झालीस तर पुढं शीक, नाहीतर टोळीतल्या कानिफनाथशी लग्न. कानिफनाथला बायको हवी होती ती ऊस तोडायला. टोळीत नवराबायकोची जोडी लागते, एकट्या गड्याला कोण विचारतो?

बहात्तरच्या दुष्काळात प्यायलाच पाणी टँकरचं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या तसराळ्यांमधलं पाणी रंगनाथ सरांनी हिवाळ्यापासून बदललं नव्हतं. प्रयोग तसा सोपा. खाण्याच्या सोड्यावर ॲसिड ओतलं की गॅस निघतो. सोड्याच्या वजनावरून किती निघणार ते आधी कागदावर काढायचं, मग तो गॅस तसराळ्यात उपड्या धरलेल्या, पाण्यानं भरलेल्या नळीत घेऊन मोजायचा. सर म्हणायचे, हा गॅस पाण्यात विरघळतो, ताजं पाणी आधी आपलं पोट भरून घेतं. रोज वापरून या पाण्याचं पोट भरलंय, तेव्हा असू द्या पिवळं. त्या पाण्यात आमचा हिशेब जमायचा. पुष्पाचा तर कधी चुकलाच नाही.

परीक्षेच्या सकाळी झुंबरबाई टँकरच्या रांगेत भांडून एक कळशी घेऊन आली. मागच्या दारानं आत शिरली, लेकीच्या तसराळ्यातलं पिवळं पाणी ओतून दिलं आणि नितळ पाणी भरलं. बाहेरगावच्या साहेबासमोर आपल्या पोरीनं घाण पाणी मांडावं, हे तिला बघवेना. पाहुण्यापुढं शिळं पाणी ठेवत नाहीत, एवढंच तिला माहीत.

परीक्षकांनी दारातच सांगितलं, बाहेरच्या कुणी टेबलाला हात लावलेला आढळला तर त्या विद्यार्थ्याची परीक्षा रद्द. सोड्याची पुडी प्रत्येकाला एकच. पुष्पानं नळी भरली, ॲसिड ओतलं. बुडबुडे आले, पण गॅस फारच कमी भरला. तिनं तसराळ्यात पाहिलं, तळ स्वच्छ दिसत होता. मग खिडकीकडे पाहिलं. बाहेर झुंबरबाई कमरेवर रिकामी कळशी घेऊन उभी, तोंडभर हसू. शेजारच्या टेबलावरून मीही पाहिलं.

परीक्षक तिच्या कागदावर बराच वेळ वाकले. "हिशेब बरोबर आहे. मग गॅस कुठे गेला?"

तिला उत्तर ठाऊक होतं. पण पाण्यात गेला म्हटलं की पाणी कुणी बदललं, हा पुढचा प्रश्न आला असता.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

बाकी सगळ्यांचा गॅस जमलेला. त्यांनी ठरवलं की हिनं हिशेब शेजारणीचा उतरवला. म्हणजे माझा! माझाच मेला धड नव्हता. प्रॅक्टिकलला ती नापास झाली आणि तिचं वर्ष गेलं. मी पास.

ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा होती, पण भिमाजीनं ऐकलं नाही. जेठात लग्न लागलं. दसऱ्यानंतर टोळी निघाली त्या दिवशी मी तिला भेटायला गेले. झुंबरबाई गाडीत बोचकी रचता रचता मला म्हणाली, "पोरीला जमलं न्हाई बघ. आमी आमच्या परीनं लई केलं."

माझ्या ओठांवर आलं होतं. पुष्पानं मला दंडाला धरून गाडीमागं ओढलं.

"तिला बोललीस तर तुला माझी शपथ हाय. मला येत न्हवतं, असंच समजू दे."

मी बोलले नाही. तिची शपथ मोडण्याची माझी छाती झाली नाही, आणि ती शपथ घालणाऱ्या पुष्पाचा मला आजही राग येतो. झुंबरबाई मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमची पुष्पा कामाला वाघ, पर डोक्यानं जरा कच्ची. पुष्पा समोर बसून भाकरी थापत असायची. व्हय आई, म्हणायची.