करंट मास्तर आणि पितळेच्या तारा

करंट मास्तर दुसऱ्याला शिक्षा करताना स्वतःही त्या शिक्षेत उभे राहत. असा माणूस मी पुढे पाहिला नाही. त्यांच्याकडे जुन्या लष्करी टेलिफोनचा एक डबा होता. हँडल फिरवलं की दोन तारांतून करंट येई. प्रश्नाचं उत्तर चुकलं की सगळ्या वर्गाने एकमेकांचे हात धरून उभं राहायचं. एका टोकाला चुकलेला पोरगा एक तार धरून, दुसऱ्या टोकाला मास्तर दुसरी तार धरून, आणि मॉनिटरने हँडल मारायचं. मुंग्या येतात म्हणतात ना, तसं नव्हे, कोपरापर्यंत खिळे जायचे. मास्तरांचा चष्मा नाकावर थरथरायचा, तोंड मात्र दगडासारखं. "अज्ञान एकाचं, झटका सगळ्यांना," म्हणायचे, आणि खडू उचलून पुढचा धडा.

छप्पन्न साली आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. म्हणजे आम्ही कुठे गेलो नाही, होतो तिथेच हुबळीत होतो. पण शाळा मराठीच राहिली, आणि त्यानंतर काही वर्षांनी मी नववीत आलो तेव्हा विज्ञानाला हे मास्तर. रोज धारवाडहून रेल्वेने यायचे. धोतर, वर काळा कोट, कोटाच्या खिशात चाकू, पक्कड, तारेची वेटोळी. रागावले की कानडीत जात. "बा इल्ली," म्हणजे इकडे ये, एवढं म्हणाले तरी पुढच्या बाकांवरचे हात आपोआप पाठीमागे जायचे.

झटका चुकवायचा एक मार्ग त्यांनी ठेवलेला होता. बाकावर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मला येत नाही, सांगा." बस. जो म्हणेल त्याच्या शेजारी मास्तर मांडी घालून बसत आणि आई भरवते तसं समजावून सांगत. पुन्हा विचारा, पुन्हा सांगत. वर्गातली बहुतेक पोरं पहिल्या महिन्यातच हे वाक्य शिकली. मी म्हटलं नाही. उत्तर येत नसलं तरी तार धरायचो. माझ्यापायी सगळ्यांना झटका बसायचा, म्हणून शाळा सुटल्यावर गल्लीत पोरं मला तुडवायची. दुसऱ्या दिवशी मास्तर माझा सुजलेला ओठ बघून म्हणत, "वाक्य केवढंसं आहे रे, तांब्या." आमचं भांड्यांचं दुकान, म्हणून माझं नाव तांब्या.

झटका खाल्लेल्या पोराला मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मिळायची. शेंगाचटणी, वर तेल. "आता हे खा," म्हणायचे. मी त्यांच्या घरची इतकी भाकरी खाल्ली आहे की त्यांच्या मुलीने तेवढी खाल्ली नसेल.

नाताळात रेल्वे कॉलनीत गोऱ्या-सावळ्या अँग्लो-इंडियन लोकांचा नाच असायचा. खिडकीशी उभा राहून मी तिथे विजेची गिटार पहिल्यांदा पाहिली. पोट नाही, पोकळी नाही, नुसती फळी, आणि आवाज कोपऱ्यातल्या खोक्यातून येतोय. मी थक्क झालो. वर्षअखेरीला शाळेत प्रदर्शन असे, प्रत्येक पोराने काहीतरी चालतं-बोलतं करून आणायचं. कुणी घंटा, कुणी पाण्याची चक्की. मी म्हटलं, मी विजेची गिटार करणार. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "त्या फळीत आवाज कसा शिरतो, ठाऊक आहे?"

"करून बघतो."

"मी काय विचारलं?"

मी तार धरली. त्या दिवशीही झटका झाला.

घरी आमचे अप्पा, म्हणजे वडील. मूळचे मिरजेकडचे. हुबळीच्या बाजारात पितळ-तांब्याचं दुकान आणि पितळेचा भारी अभिमान. देवळातली घंटा पितळेची, टाळ पितळेचे, आवाज म्हणजे पितळ असं त्यांचं गणित. लोखंड त्यांच्या लेखी घोड्याच्या पायात घालायची चीज. शाळा त्यांना आवडत नसे. म्हणाले, "हे तुझं यंत्र चारचौघांत वाजलं तर मॅट्रिकपर्यंत शीक. नाही वाजलं तर दुसऱ्या दिवशी गल्ल्याशेजारी येऊन बस." मला शिकायचं होतं. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण मला इंजिनियर व्हायचं होतं.

दुकानातली जुनी सागवानी फळी काढली, करवतीने कापली, काचेने घासली. दांड्यावरच्या पट्ट्या आमच्या तांबटाने पितळेच्या ठोकून दिल्या. फुटक्या कर्ण्यातलं लोहचुंबक काढलं, जळक्या ट्रान्सफॉर्मरची केसासारखी तार सोडवली आणि चुंबकाभोवती बसून बसून गुंडाळली. तुटायची. सांधायची. परत गुंडाळायची. बोटांची कातडी गेली. मास्तर मागे उभे राहून बघत, एक शब्द बोलत नसत. गुंडाळी पुरी झाली तेव्हा त्यांनी कानाला लावायचा फोन जोडला आणि आपल्या चाकूचं पातं चुंबकावर टेकवलं. फोनमध्ये ठक् झालं. "बोलतंय," म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो एकदाच.

राहिल्या तारा. मी सायकलवाल्याकडून पोलादी तार आणायला निघालो तर अप्पा आडवे आले. "भांडेवाल्याच्या पोराच्या वाद्याला लोखंडाची तार? लोक काय म्हणतील?" त्यांनी मिरजेहून तंबोऱ्याच्या पितळी तारा मागवल्या. सोन्यासारख्या दिसत होत्या. मलाही पटलं. खोटं कशाला सांगू, लोखंडापेक्षा पितळ वरचं हे मलाही पटलेलंच होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मास्तर टेबलाशी आले. तारा ओढून बसवलेल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं, एका तारेवरून नख फिरवलं.

"तारा कशाच्या?"

"पितळेच्या, सर. मिरजेच्या."

"कुणी सांगितलं?"

"आमचे अप्पा."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "काही विचारायचंय?"

"नाही, सर."

"शाब्बास," म्हणाले आणि कोटाच्या खिशात हात घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अप्पा जरीची टोपी घालून पुढच्या ओळीत. शेजारी बाजारातले चार दुकानदार, त्यांना अप्पांनीच बोलावलेलं. हेडमास्तरांचा मोठा रेडिओ मंचावर आणलेला, त्याच्या मागे ग्रामोफोन जोडायला भोकं असत, त्यात माझी वायर. रेडिओ तापला, गुंगूं करू लागला. मी छाती काढून तारा छेडल्या.

काही नाही. फळीवर माशी बसावी तेवढा आवाज. रेडिओ आपला गुंगूं करतोय. मी जोरात मारलं, नख तुटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "तांब्या, पाणी भर त्यात." सगळं मैदान हसलं. बाजारातले दुकानदारही हसले.

मास्तर मंचावर चढले. चाकू काढला, पातं चुंबकावर टेकवलं. रेडिओतून ठक् असा आवाज सगळ्या मैदानभर गेला. म्हणजे गिटार जिवंत होती. मग ते माझ्याकडे नाही, अप्पांकडे वळले. फार गोड आवाजात विचारलं, "शेठ, दुकानात कुणी भांडं मोडीत आणलं तर पितळ अस्सल की आत लोखंड, कसं ओळखता?"

अप्पा रुबाबात उठले. "सोपं आहे. लोहचुंबक लावायचं. लोखंड असलं तर धरतं, पितळेला..." आणि तिथेच थांबले. टोपीखालून घामाची धार आली. ते चुंबक आमच्या गल्ल्यात असे. मी रोज हाताळायचो. चुंबक पितळेला ओळखच देत नाही हे आमच्याकडच्या झाडूवालीलाही ठाऊक होतं, आणि आम्ही बापलेकांनी चुंबकावर पितळेच्या तारा ताणल्या होत्या. चुंबकाला जी तार कळतच नाही, ती रेडिओत बोलणार कशी.

"बसा, शेठ," मास्तर म्हणाले. मग खिशातून पोलादी तारेचं वेटोळं काढून माझ्यापुढे धरलं. नवीन, चकचकीत. "ही घे. बसवायला किती वेळ लागतो? फक्त म्हण."

"आता येतं मला," मी म्हटलं.

"आता येतं. काल येत नव्हतं. कालचं म्हण."

खालून अप्पा खेकसले, "म्हण की रे." मास्तरांचा हात तसाच पुढे. मला ते वेटोळं घ्यायचं होतं, अंगातलं सगळं रक्त त्याच्याकडे धावत होतं. शिक्षण, इंजिनियर, सगळं त्या हातात होतं. मी गिटारची वायर उपटली, फळी खांद्यावर टाकली आणि मंचावरून उतरलो. मास्तर मागून एवढंच म्हणाले, "पुढचा."

दुसऱ्या दिवसापासून मी गल्ल्याशेजारी. लोक म्हणतात मी नववी नापास. मी नापास नाही, मी नववी सोडलेला आहे. अप्पा त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलत. गिऱ्हाइकासमोर ते चुंबक मात्र मलाच लावायला सांगत. प्रत्येक वेळी.

मी सायकलवाल्याची पोलादी तार आणून गिटारीला बसवली, शेजारच्या हॉटेलवाल्याच्या रेडिओला जोडली. वाजली. काय वाजली म्हणून सांगू. अप्पांनी दारातून ऐकलं. म्हणाले, "झालं? आता चिंच घे आणि घागरी घास."

पुढे एकदा मास्तर दुकानात आले. उभ्या उभ्या एक तांब्या पसंत केला, मी तोलून दिला. तो उलटासुलटा करत म्हणाले, "नाव अजून पटावर आहे. मी कमी केलेलं नाही. वाक्य एकच आहे." मी म्हटलं, "दुसरं काही दाखवू का, सर?" त्यांनी तांब्या कोटाच्या आत धरला आणि गेले. त्यांचं काळं पाठमोरं रूप बाजाराच्या वळणापर्यंत दिसलं. मी हाक मारली नाही.

पितळेचे दिवस स्टीलने संपवले, अप्पा संपले. मी जुन्या हुबळीत विजेच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं. जळलेल्या मोटारीची वायंडिंग काढून नवी भरायची. गिटारीच्या गुंडाळीवर बोटं घासली होती तीच विद्या. माझी भरलेली मोटार परत येत नाही, धारवाडपर्यंत कुणालाही विचारा. हाताखाली पोरं आली. चूक दिसली तरी मी सांगत नाही. मोटार जळू देतो. धूर नाकात गेला की पोरगा जन्मात विसरत नाही. काही पळून गेली. माझा मुलगाही त्यातलाच, तो आता पुण्यात असतो, सणाला फोन करतो. जी टिकली त्यांची आज स्वतःची दुकानं आहेत.

एकदा धारवाडजवळच्या केलगेरीहून एका बाईचा फोन आला, विहिरीवरची मोटार जळली आहे. गेलो तर व्हरांड्यात आरामखुर्चीवर मास्तर. वाळून काटकी झालेले, अंगावर शाल, हात सारखा कापतोय, करंट लागल्यासारखा. मी मोटारीचे बोल्ट सोडत होतो. पाठीमागून आवाज आला.

"तांब्या ना तू? तार मागायला आलास?"

"मोटार न्यायला आलोय."

"अजून ताठच." मग थोड्या वेळाने, "तुझी पाठ ओळखली मी. चेहऱ्यापेक्षा पाठच जास्त बघितली तुझी."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "तुम्हाला आदल्या दिवशीच ठाऊक होतं, सर."

"होतं."

"मग?"

"विचारायचंय का, म्हटलं होतं. नाही म्हणालास."

त्यांनी एवढंच सांगितलं, आणि सांगताना तोंडावरची रेघ तसूभर हलली नाही. फोन करणारी बाई म्हणजे त्यांची मुलगी, ती आतून चहा घेऊन आली. बशीत दोन घास भाकरी आणि शेंगाचटणी. मी खाल्ली. चव तीच होती.

मोटार भरून परत बसवायला गेलो तेव्हा मास्तरांनी पंपाचा आवाज मान वाकडी करून ऐकला. बरी आहे असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "ती फळी आहे का अजून?"

"आहे."

"वाजते?"

"वाजते."

त्यांनी हात शालीत घातला. माझ्याकडे बघत होते, वाट बघितल्यासारखे. मुलगी मला फाटकापर्यंत पोचवायला आली, हळूच म्हणाली, "अण्णा, बाबांना ऐकायची आहे ती. एकदा आणा की."

मी मागे वळून, त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "म्हणू देत. 'मला ऐकायचंय, आण.' एवढंच म्हणू देत, आत्ता जाऊन घेऊन येतो."

व्हरांड्यातून घरघर आली. मला वाटलं खोकतात. हसत होते. मास्तरांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. "शिकलास," म्हणाले. "बरोबर शिकलास." आणि डोळे मिटून घेतले. मी फाटकाशी उभा राहिलो. सुतारपक्षी झाडावर ठोकत होता, पंप चालू होता. ते काही म्हणाले नाहीत.

मास्तर पावसाळ्यात गेले. मी खांदा द्यायला होतो, काटकीला वजन ते काय. नंतर मुलगी म्हणाली, शेवटचे दोन दिवस सारखं विचारत होते, मोटारवाला आला का, मोटारवाला आला का. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काहीतरी बोलावं अशी तिची इच्छा असणार.

मी म्हटलं, "ह्याला मागणं म्हणत नाहीत, अक्का."

गिटार दुकानात भिंतीवर आहे. आपल्याकडच्या दमट हवेत पोलादी तारांना गंज चढतो, म्हणून दर पावसाळा संपला की मी त्या बदलतो. हाताखालची पोरं विचारतात, वाजवत तर नाही, मग कशाला बदलता. मी त्यांना सांगत नाही.