पुढं चाला, बोलत ऱ्हावा

येणाऱ्याजाणाऱ्याला एकच खेळ सुचायचा. "सिंधुवहिनी, ओळखा बरं मी कोण?" काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यापासून औशाजवळच्या त्या गावात सिंधुबाईचा हा रोजचा छळ. लोकांना वाटायचं, आपण माया करतोय. कसली डोंबलाची माया! एकाला तिनं सुनावलंच, "का रं, तुझं नाव तुलाच ठावं न्हाई व्हय?"

घरच्यांची माया तर त्याहून जड. सून वर्षाराणी तिला पाण्याचा तांब्या उचलू द्यायची नाही. पाहुणे तिच्यासमोरच नवऱ्याला, बजरंगला, विचारायचे, "वहिनी जेवल्या का?" अरे, डोळे गेलेत तिचे, तोंड शाबूत आहे!

मग वेळ अमावस्या आली. त्या दिवशी सारं गाव शेतात जेवतं. या घरची आंबिलीची बिंदगी, आंबिलीनं भरलेली घागर, थोरल्या बाईच्या डोक्यावरून जाते. सासूमागं तो मान सिंधुबाईचा. यंदा वर्षाराणीनं चुंबळ आपल्या डोक्यावर ठेवली.

"आत्याबाई, तुमी मोटारसायकलवर मागं बसा."

"बिंदगी इकडं आण."

"पडलाव म्हंजी?"

"पडले तर उठंन. मी काय मडकं हाय फुटायला?"

वर्षाराणीनं चुंबळ अन बिंदगी सासूच्या डोक्यावर दिली. बजरंगनं सिंधुबाईचा हात धरला. तिनं झटकला. "वरात नगं माझी. पुढं चाला अन बोलत ऱ्हावा. आवाजामागं येते मी."

झाली का पंचाईत! उभ्या संसारात हा माणूस 'हं' अन 'बरं'च्या पुढं गेला नव्हता.

"तूर... लई लगडलीय," त्यानं घसा खाकरला. "हरभऱ्याला घाटे आलेत. शेजारच्या लिंबाजीनं आपला बांध कोरलाय, बघ..." अन जीभ चावली.

"बघते की," ती हसली. "बोला."

पाटाजवळ आवाज थांबला. सिंधुबाई जागीच उभी.

"आवं?"

"पाट हाय पुढं. अन... बोलणं संपलं समदं."

"मग पयल्यापासून सांगा."

त्यानं पुन्हा तूर काढली. पाट ओलांडताना बिंदगी हिंदकळली, आंबील तिच्या खांद्यावर सांडली. वर्षाराणी धावली, पण सासूचा चेहरा बघून हात मागं घेतला. शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी सिंधुबाईनं स्वतःच बिंदगी उतरवली.

शेजारचा लिंबाजी तिथं हजरच. "वहिनी, ओळखा बरं मी कोण?"

"बांध कोरणारा!"

सगळे खदखदून हसले. लिंबाजी गुमान पत्रावळ घेऊन बसला. बजरंग मात्र अजून बोलतच होता.

"आवं, पोचलो की आता!"

"थांब जरा," तो म्हणाला, "बोरीच्या झाडाचं सांगायचं ऱ्हायलंय."