सत्काराला उत्तर

आमच्या पेठेत एखादा माणूस नकोसा झाला तर त्याला तसं तोंडावर कुणी सांगत नाही. त्याचा सत्कार करतात. मला हे कळायला साठी उलटावी लागली, आणि कळलं तेव्हा शाल घडी करून कपाटात ठेवूनही झाली होती.

सदाशिव पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला समाजकेंद्राची दुमजली इमारत आहे. खाली कॅरम, वर्तमानपत्रं आणि पुस्तकांची दोन कपाटं, वर हॉल. त्या हॉलमध्ये मी रोज दुपारी शिवणाचा वर्ग घ्यायचे. यजमान गेले होते, मुलगा बंगळुरूला होता, आणि एकट्या बाईच्या घरात दुपार काही केल्या सरत नाही. वर्गाची फी नावापुरती, तीही केंद्राकडे जमा व्हायची. मला त्यातलं काही नको होतं. दिवसातून एकदा कुणीतरी ‘बाई, हे बघा ना’ म्हणून हाक मारावी, एवढंच हवं होतं. त्यासाठी मी जेवण उरकून, पायात चपला सरकवून दोन वाजायची वाट बघत बसायचे.

वर्गाला गल्लीतल्या सुना यायच्या, शेजारच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणारी एक मुलगी यायची, आणि शहराबाहेरच्या मांजरी गावाहून दोन बस बदलून एक बाई यायची. तिशीची असेल. सासरच्यांनी उसाची जमीन बिल्डरला दिली, पैसा आला, गाडी आली, आणि हिच्या हाताला काम राहिलं नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “बाई, रान व्हतं तवर मला घरात इचारत व्हते. आता नुसती बसून हाय.” तिचा हात जड होता, कापड धरलं की मूठ आवळायची, पण चुकलेली शिलाई उसवायचा कंटाळा तिला कधी आला नाही. साध्या ब्लाऊजवरून ती कटोरी ब्लाऊजवर आली होती. बाही जोडायचा मुंढा अजून नीट बसत नव्हता. दिवाळीपर्यंत तो बसला की गावातली शिलाई घ्यायला सुरुवात कर, असं मी तिला सांगितलं होतं. तिने मशीन कुठल्या खिडकीपाशी ठेवायचं तेही ठरवून टाकलं होतं.

हॉलचं छत पावसाळ्यात गळायचं. मशिनी आम्ही या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवायचो. मग केंद्राने हॉल नव्याने करायचं ठरवलं आणि निधी गोळा करायला आनंदमेळा भरवायचं ठरलं. आमचे कार्यवाह बँकेतून निवृत्त झालेले. बोलणं इतकं मधाळ की ऐकणाऱ्याने साखर तपासून घ्यावी. ते स्वतः जिना चढून वर आले आणि म्हणाले की, आपल्या वर्गाशिवाय हे कार्य तडीला जायचं नाही. मी हुरळले. कुणीही हुरळलं असतं.

आम्ही पिशव्या शिवल्या, अभ्रे शिवले, गोधड्या शिवल्या. कापडासाठी घरोघर जाऊन जुन्या साड्या मागितल्या. पेठेतली माणसं साडी देतात, नाही असं नाही, पण ती पोतेरं होण्याच्या बेताला आली की देतात. आणि मेळ्यात तीच माणसं गोधडीच्या चारी बाजू चिमटीत धरून विचारतात, एवढी महाग कशी? एका बाईंनी तर स्वतःच्या साडीचा तुकडा ओळखला आणि त्यावर सवलत मागितली. मी द्यायला नको होती, पण दिली. कार्यवाहांनी मला बजावलं होतं की, देणगीदार दुखावता कामा नये. सलग दोन मेळ्यांत आमच्याच टेबलावर सगळ्यांत जास्त गर्दी होती. मांजरीच्या बाईने केलेल्या पिशव्या तर पहिल्या तासातच संपल्या, आणि ती दिवसभर मोकळ्या टेबलामागे उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की, त्या मी केल्या होत्या.

हॉल झाला. नवी फरशी, नवं छत, थंड हवेची यंत्रं. उद्घाटनाच्या आधी कार्यवाह घरी आले. म्हणाले, “आपला सत्कार करायचं ठरलंय. नाही म्हणायचं नाही. आणि उत्तरादाखल नव्या पिढीबद्दल दोन शब्द येऊ द्या.” मी चहा केला. जाताना त्यांनी माझ्या तब्येतीची फार चौकशी केली. जिने चढवतात का, गुडघे काय म्हणतात, असं. मला ते आपुलकीचं वाटलं. मी पुण्यात जन्मले, पुण्यात वाढले, आणि तरी मला ते आपुलकीचं वाटलं, याचा राग अजून जात नाही.

कार्यक्रम नव्या हॉलमध्येच झाला. मला शाल दिली आणि नारळाऐवजी हल्लीच्या पद्धतीने तुळशीचं रोप. मग माईक हातात आला. आता सत्काराला उत्तर देताना काय बोलायचं हे आपल्याकडे ठरलेलंच असतं. मी काही विशेष केलं नाही, हे सगळ्यांचं श्रेय आहे, आता नव्या पिढीने सूत्रं हाती घ्यावीत, आम्ही काय, मार्गदर्शनाला आहोतच. मीही तेच बोलले. हे बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी निमूट आपल्या खुर्चीवर जाऊन बसतो, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी टाळी पहिल्या रांगेतल्या कॅरमवाल्या काकांची होती. हे काका ऐंशीच्या घरातले. खालचा कॅरम आणि पुस्तकांची कपाटं तेच सांभाळत. पत्नी गेल्यापासून त्यांचा दिवस खालच्या मजल्यावरच उगवायचा आणि मावळायचा.

सोमवारी दुपारी मी वर गेले तर हॉलमध्ये सुतार होते. भिंतीलगत लाकडी खण ठोकणं चालू होतं, एकेका खणात एक टेबल, एक दिवा. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका होणार होती, महिन्याच्या भाड्याने. आमच्या मशिनी जिन्याखाली उभ्या होत्या. त्यांच्यावर आनंदमेळ्याचा कापडी फलक टाकला होता.

कार्यवाह खालीच भेटले. मी विचारलं, हे काय? त्यांना खरंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

“अहो, आपणच तर म्हणालात. भर सभेत. केवढा मोठेपणा आपला.”

मी म्हटलं, तसं सगळेच म्हणतात. ते म्हणाले, “पण आपल्या शब्दाचा मान राखायला नको का?” मग मशिनींचा आवाज मुलांना चालायचा नाही, वर्गाला पुढेमागे दुसरी जागा बघू, आपलं मार्गदर्शन हवंच आहे, असं बरंच काही. गरज सरो, वैद्य मरो. पण वैद्याला मारायच्या आधी त्याच्या अंगावर शाल घालावी, ही आमच्या पेठेची भर.

मी भांडले. समितीतल्या एकेकाच्या घरी गेले. सगळ्यांनी बसा म्हटलं, एका घरी तर कोकम सरबतही मिळालं, आणि सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं, तुम्हीच म्हणालात ना. त्या पोरांवर माझा राग नाही. गावाकडून आलेली असतात, खाणावळीत जेवतात, मान खाली घालून वाचतात. माझा राग त्या हॉलवर आहे. त्याचं छत आमच्या गोधड्यांनी झालं आणि त्याखाली आम्हालाच बसायला मिळालं नाही.

मी म्हटलं, माझ्या घरी या. दोघीतिघी काही दिवस आल्या. मांजरीच्या बाईलाही फोन केला. ती म्हणाली, “केंद्रात जाते म्हणून धाडत व्हते, बाई. कुनाच्या घरी जाते म्हनलं तर सासू उंबरा वलांडू देनार न्हाई.” दिवाळी आली आणि गेली. तिचा मुंढा बसला की नाही, मला माहीत नाही. नंतर तो नंबर लागेनासा झाला. माझी दुपार पुन्हा पूर्वीसारखी सरेनाशी झाली आहे, हेही लपवायचं कारण नाही.

पुढच्या वर्षी वर्धापनदिनाच्या आधी कॅरमवाले काका आनंदात भेटले. त्यांचा सत्कार ठरला होता, आणि शाल माझ्याच हातून हवी असा त्यांचा हट्ट होता. अभ्यासिकेला वरची जागा पुरत नाही, हे तोवर गल्लीत सगळ्यांच्या कानावर आलं होतं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तरी पुन्हा सांगितलं. “काका, काही बोलू नका. नुसता नमस्कार करा आणि खाली बसा.” त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, मी काय खुळा आहे? एक अक्षर बोलणार नाही.

वर्धापनदिनाला मी काकांच्या अंगावर शाल घातली. घालताना कानात पुन्हा सांगितलं, नुसता नमस्कार. त्यांनी मान हलवली. कार्यवाह तुळशीचं रोप घेऊन उभेच होते. मग निवेदिकेने माईक पुढे केला, काकांनी घसा साफ केला, समोर भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“मी काही विशेष केलं नाही,” ते म्हणाले. मी डोळे मिटून घेतले. पुढचं मला पाठच होतं. सूत्रं, नवी पिढी, मार्गदर्शन, काहीही राहिलं नाही. टाळ्या पडल्या. कार्यवाह दोन्ही हात उंच धरून वाजवत होते.

काका माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. शाल सावरली, रोप मांडीवर घेतलं आणि हळूच विचारलं, “बरं बोललो ना?”

मी म्हटलं, “छान बोललात.”